लावू नका, विझवू नका

मला पडणारी स्वप्नं बहुतेक दुपारची असतात. कोपरीच्या खाडीचं पाणी ओसरलेलं असतं, चिखल उन्हात चमकत असतो, आणि पलीकडच्या तिवरांतून कुणीतरी सावकाश गात असतं. शब्द कळत नाहीत, पण चाल ओळखीची वाटते. मी गिटारवर ती चाल शोधायला लागतो आणि तेवढ्यात जाग येते. माझी निम्मी गाणी अशीच झाली आहेत. उरलेली निम्मी रागातून.

रागाचं म्हणाल तर मी मूळचाच तापट. आमच्या कोपरीच्या पाड्यात म्हणायचे, ह्या पोराच्या नाकाच्या शेंड्यावर राग नाही, राग संपल्यावर खाली नाक सुरू होतं. आई मात्र शांत होती. सकाळी ठाणे पूर्वेच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची, तिथे तिचा आवाज खणखणीत, गिऱ्हाइकाला पळू देत नसे. लग्नसराईत मात्र तोच आवाज वेगळा व्हायचा. कारण माझी आई धवलारीण होती.

कोळी-आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर आला, धवलारीण आधीपासून आहे. मांडव घालण्यापासून नवरीची पाठवणी होईपर्यंत जे जे करायचं, ते ती गात गात करवून घेते. तिच्या गाण्याला धवला म्हणतात. आईला असे किती धवले यायचे ते तिलाही माहीत नव्हतं. लिहायला-वाचायला येत नव्हतं, सगळं डोक्यात. आणि प्रत्येक धवल्याची वेळ ठरलेली. हळदीचा धवला हळदीलाच. मांडवाचा मांडवातच. लहानपणी मी मागे लागायचो, आये, तो नवऱ्याला आंघोळ घालायचा म्हण ना. ती म्हणायची, "येल नाय झाली." येल म्हणजे वेळ. बस्स, विषय संपला. घरात एवढं गाणं भरलेलं, पण वेळ झाल्याशिवाय त्यातला थेंबही बाहेर यायचा नाही.

अशा घरात मी इलेक्ट्रिक गिटार घेऊन आलो.

ते ऐंशीच्या दशकाचे मधले दिवस. ठाण्यात कॉलेजला होतो. वर्गात डोंबिवलीचा एक मुलगा दोन पेन्सिलींनी बाक बडवत बसायचा. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, डबा घरचा, आणि हात मात्र राक्षसाचे. त्याने मला एक कॅसेट ऐकायला दिली. कॉपीची कॉपी असावी, गाण्यापेक्षा खरखर जास्त. पण त्या खरखरीच्या मागून एक गिटार ओरडत होती, आणि मला वाटलं, अरे, हा माणूस माझ्यासारखाच चिडलेला दिसतोय. त्या दिवसापासून आम्ही दोघं म्हणजे बँड, तो ड्रमवर, मी गिटारवर. बास वाजवणारे येत-जात राहिले, आम्ही दोघं कायम.

माझी गिटार कलकत्त्याची, तिसऱ्या हाताने माझ्याकडे आलेली. एकदा तिची सगळ्यात बारीक तार तुटली. नवी तार आणायला मुंबईला जावं लागायचं. मी कोळ्याचा पोरगा. घरात तंगुसाची रिळं पडलेली. तंगूस म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी, मजबूत, लवचीक, तारेहून छान दिसणारी. मी ऐटीत ती लावली, ताणली, सुरात आणली. डोंबिवलीला जाऊन अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि झोकात वाजवायला घेतली. पाच तारा गर्जत होत्या, सहावी मुकी. मी आणखी जोरात छेडली. गप्प.

ड्रमर पोट धरून हसला. "अरे, तारांखालचं ते पिकअप म्हणजे लोहचुंबक, त्याला लोखंडच ऐकू येतं. तंगूस कसं ऐकू येणार? तुझी गिटार बोंबील पकडेल, गाणार नाही."

पुढे कित्येक दिवस तो मला "काय, आज काय लागलं गळाला?" असं विचारायचा.

अ‍ॅम्प्लिफायर डोंबिवलीच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने बनवून दिलेला. त्याच्या स्पीकरचा कागद फाटका होता, त्याने वर खळ लावून ठिगळ मारलेलं. त्यामुळे आवाज चरचरायचा. आम्हाला वाटलं, वा, हाच तो परदेशी आवाज. दुरुस्तीवाला बिचारा म्हणत राहिला, आणा, नवा कागद लावून देतो. आम्ही त्याला स्पीकरला हात लावू दिला नाही.

सराव ड्रमरच्या घरी, दुपारी. खिडकीला गाद्या उभ्या करायच्या, दारामागे सतरंजी लावायची. खोलीत पिवळसर अंधार व्हायचा, पंखा आवाज करतो म्हणून बंद. घाम गळायचा. त्या अंधारात ड्रमची झांज तेवढी चमकायची, आणि एकेक गाणं इतका वेळ चालायचं की ते कुठे सुरू झालं होतं हे आम्हालाच आठवायचं नाही. अजूनही सुख म्हटलं की मला ती कोंदट खोली आठवते. मग बेल वाजायची. खालच्या मजल्यावरच्या काकू. "अहो वहिनी, जरा हळू घ्यायला सांगा हो मुलांना, ह्यांची वामकुक्षी चाललीय." ड्रमरची आई तोंडभरून "हो हो, आत्ता सांगते" म्हणायची, दार लावायची आणि आत डोकावून हळूच म्हणायची, "वाजवा रे, पण तो पायाचा ढोल तेवढा कमी बडव."

माझ्या आईला ह्यातलं काही नको होतं असं नाही. तिची एकच अट होती. सांजेचा दिवा लागायच्या आत घरी यायचं. मी आलो नाही की ती दिवा लावायची आणि उंबऱ्यात बसून राहायची. दहा मिनिटं उशीर झाला तरी लांबून ती दिसायची, मागे दिवा, पुढे ती. मिसरूड फुटलेल्या, स्वतःला रॉकस्टार समजणाऱ्या पोराला हे दृश्य किती लागतं म्हणून सांगू. सगळा पाडा बघायचा. एकदा ड्रमर माझ्यासोबत आलेला, त्याच्यासमोर तिने विचारलं, "जेवला नसशील ना रं बाला?" आणि माझं डोकं फिरलं.

भांडण झालं. वडील आधी खाडीत जाळं टाकायचे, मासा कमी झाल्यावर कारखान्यात पहाऱ्याला लागलेले. त्यांनी तिथेच माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता, तेही त्याच भांडणात बाहेर आलं. मी जाहीर केलं की मी घर सोडणार. बंगलोरला म्हणे रॉक वाजवणाऱ्यांना मान होता. मी आणि ड्रमर तिकडे जाणार. गिटार घेऊन बाहेर पडलो आणि खाडीवर जाऊन बसलो. भरती येत होती. चिखलातल्या बारीक चरांमधून पाणी वाट काढत सरकत होतं. त्या पाण्याकडे बघता बघता एका बैठकीत गाणं झालं.

उंबरा सोडून चाललो मी
मागून हाक मारू नका
खाडीच्या पाण्याला वाट फुटली
दिवा माझा लावू नका

एवढेच शब्द. पुढे गिटार, लांबलचक. शेवटची ओळ मी अशी ओरडायचो की नसा फुगायच्या.

बंगलोरला काही आम्ही गेलो नाही. मी त्या संध्याकाळी जेवायला घरी आलो आणि ड्रमरचं शिक्षण संपून त्याला आखातात नोकरी लागली. जाण्याआधी आम्ही त्याच्याच खोलीत आमची कॅसेट केली, गाद्यांच्या अंधारात, एका टेपरेकॉर्डरवर. कव्हर मी हाताने रंगवलं. मग टेपवरून टेपवर कॉपी काढायच्या आणि भेटेल त्याला ऐकवायच्या. स्वतंत्र कलावंत वगैरे शब्द पुढे कानावर आले. आम्हाला कुणी विचारत नव्हतं म्हणून आम्ही स्वतंत्र.

ड्रमर गेल्यावर मी ती कॅसेट आईला ऐकवली. बाजारातून आलेली, पाय धुऊन बसलेली. तिने पूर्ण ऐकलं, हे मला कबूल केलंच पाहिजे. उठली नाही, हसली नाही. शब्द त्या चरचरीत बुडालेले, तिला काही कळले नसावेत. संपल्यावर म्हणाली, "बोंबील तलतान तसा आवाज येतंय." आणि मग, अगदी साधेपणाने, एका गाणाऱ्या बाईने दुसऱ्या गाणाऱ्याला विचारावं तसं विचारलं, "हा कनचे येलेचा?"

कुठल्या वेळेचं गाणं हे.

 म्हणालो, आमच्या गाण्याला वेळ लागत नाही, केव्हाही ऐकतात. ती म्हणाली, "मंग कोनी ऐकला नाय तरी चालंल." टोमणा नव्हता तो. ती खरोखर विचार करून बोलली होती, म्हणून जास्त झोंबलं. त्यानंतर मी खूप गाणी केली, लहान-मोठ्या जागी वाजवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि नाही वाजवल्या. पण मनात एकच धरून बसलो होतो. ह्या बाईने एकदा तरी म्हणावं की हे गाणं आहे.

पोट चालवायला मी हळदीला वाजवू लागलो. आमच्याकडे हळद म्हणजे बेंजो पार्टी हवीच, ढोलकी, ताशा, आणि पुढे बेंजोवाला. कोपरीचा एक बेंजोवाला मामा होता, अख्ख्या पाड्याचाच मामा. त्याने मला पार्टीत घेतलं. "तुजी गिटार मागनं भरायला बरी," म्हणाला. नाचणारे दमून चहाला बसले की मधली जागा मोकळी राहायची. त्या वेळात मी हळूच आपलं काहीतरी वाजवायचो. बहुतेकदा तेच, उंबरा सोडून. चाल गिटारवर, शब्द तोंडातल्या तोंडात. मामा पान लावता लावता ऐकायचा. एक दिवस त्याने ती बेंजोवर उचलली, ढोलकीवाल्याने तिला लग्नाचा ठेका दिला, आणि माझा सगळा राग चक्क नाचायला लागला. मला आधी हसू आलं, मग थोडं वाईट वाटलं, मग मीही वाजवलं.

त्यानंतर ती चाल माझ्या हातात राहिली नाही. दिवा स्टेशनाजवळच्या एका हळदीत ऐकू आली. एकदा आंबिवलीला एका लग्नाच्या सुपारीवर गेलेलो, शेजारच्या मांडवात दुसरीच पार्टी ती वाजवत होती. मी तरातरा गेलो.

"ही चाल कुणाची माहितीय?"

"जुनी हाय दादा," त्यांचा बेंजोवाला म्हणाला. "आमचे म्हातारे वाजवायचे."

"माझी आहे ती. मी बांधलीय."

त्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "तू जलमलास कवा?"

त्याची सगळी पार्टी हसली. मी परत येऊन माझ्या जागेवर उभा राहिलो आणि संध्याकाळभर चुकीचं वाजवलं. मामा म्हणाला, "पोरगी परक्या घरी नांदते म्हनून बाप रडतो काय रं?" मी म्हणालो, पोरीच्या नावापुढे बापाचं नाव तरी राहतं. तो म्हणाला, तेही लग्नानंतर जातं.

मग नव्वदीच्या सुरुवातीला माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. सासर आंबिवलीजवळच्या मोहने गावाकडचं. आई नवरीची आई, तिला विधींना बसायचं, म्हणून ह्या लग्नात गाणं तिच्याकडे नाही. नवऱ्याकडच्यांनी आपली धवलारीण आणली. काळी, उंच, म्हातारी बाई, तोंडात दात थोडे आणि विडा कायमचा. आईने तिला लुगडं देऊन मान दिला, पण मला माहीत होतं, ही परीक्षा घेणार. हळदीपासून आई एका कानाने ऐकत होती. एखादी ओळ इकडची तिकडे झाली की तिची भुवई किंचित वर जायची. बाकी सगळे धवले तिचे ओळखीचे. खाडीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तेच तर असतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाठवणी. जेवणं उरकलेली, मांडवाच्या कापडातून ऊन गाळून खाली येत होतं, सगळ्यांच्या तोंडावर हळदीसारखा रंग. ढोलकी थांबलेली. मी बाजूला वायरी गुंडाळत होतो. बहीण उंबऱ्याशी उभी राहिली आणि म्हातारीने धवला धरला. अगदी सावकाश, ठेक्याशिवाय.

उंबरा सोरून चालले बाय
माघारी हाक मारू नका
खारीचे पान्याला वाट फुटली
दिवा माजा इझवू नका

माझ्या हातातली वायर तशीच राहिली. खाडीची खारी झालेली. चाललोचं चालले झालेलं. आणि शेवटी, जिथे मी नसा फुगवून लावू नका म्हणून ओरडायचो, तिथे ही बाई डोळे मिटून विनवत होती, माझा दिवा विझवू नका, मी गेले तरी असू द्या. एका कोणत्या तरी मांडवात, कुणीतरी बाईने, चालीबरोबर वाहत आलेले शब्द ऐकले असतील आणि तिला वाटलं असेल, हे कसलं अभद्र, असं कोण म्हणेल. मी नक्की सांगतो, बदललेलं गाणं माझ्या गाण्यापेक्षा चांगलं होतं. मला त्या क्षणी अभिमान वाटला आणि रडूही आलं, आणि कशाचं कुठलं ते वेगळं काढता येईना.

म्हातारीने पुढे आणखी ओळी गायल्या, त्या माझ्या नव्हत्याच. बहीण आईच्या गळ्यात पडून रडत होती. आईही रडत होती. पण मी तिला ओळखतो. तिचे ओठ हलत होते. रडता रडता ती बाई गाणं पाठ करत होती.

गाडी गेल्यावर आई थेट म्हातारीकडे गेली. "हा मना ठावं नाय. कुणाचा?"

"जुना हाय," म्हातारी विडा चघळत म्हणाली. "आमचेकडं हायच पयल्यापासून."

मी तिथेच उभा होतो. ताकास तूर लागू दिली नाही. बोललो असतो तर तो धवला तिथल्या तिथे पुन्हा माझी कॅसेट झाला असता, आणि बहीण त्याच गाण्यातून नुकती बाहेर पडली होती.

घर रिकामं झालं. पाहुणे गेले, मांडव उतरला, तुळशीपाशी हळदीचे डाग राहिले. एका दुपारी आई दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. धवला शिकायचा तर असाच, हात कामात ठेवून, ती सासूकडून तसंच शिकली होती. नव्या धवल्याला ती लागली होती. बाहेर ऊन, खाडीवरून वारा, सुपाचा सळसळ आवाज, आणि त्यात तिचा बारीक स्वर. मी आतल्या खोलीत गिटारची तार बदलत होतो. अर्धवट झोपेत ऐकावं तसं ऐकत होतो.

तिसऱ्या ओळीपर्यंत ती आली आणि अडली. पुन्हा पहिल्यापासून. खारीचे पान्याला वाट फुटली… पुन्हा तिथेच.

माझ्या तोंडून निघून गेलं, "दिवा माझा लावू नका."

सूप थांबलं.

"इझवू नका," ती म्हणाली. "हां, ती बाय इझवू नका म्हनली." आणि मग, "लावू नका कोन म्हनला?"

 तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग गिटारकडे. मग परत माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर सावकाश काहीतरी चढत आलं, आणि मला उठून बाहेर जावंसं वाटलं, पण दारात तीच बसलेली.

"कुटं चाललेलास रं तू, घर सोरून?"

"कुठेच नाही. घरीच आहे ना मी."

"आता हायस. तवा चाललेलास."

 तिने दोन-चार खडे वेचून अंगणात टाकले. इतकी वर्षं मी जे ऐकायला थांबलो होतो, ते आता तिने बोलू नये असं मला वाटायला लागलं. तिचे डोळे भरलेले होते. ती पदराने पुसत नव्हती, कारण हात तांदळात होते.

"दिवा लावू नका, असा कुनी म्हनतं का," ती म्हणाली. "त्या बायांनी बरा केला." मग म्हणाली, "तुजेमदी म्होरं काय हाय?"

"पुढे शब्द नाहीत, आये. तिथे नुसती गिटार वाजते."

"मंग वाजव," ती म्हणाली, आणि तिने सूप बाजूला ठेवलं.